पाचवीचा कोरा कागद आणि टाचेतील थेंब : बाळाचे आजार वेळीच कसे ओळखावेत?

निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगाव परिसरातील कोणत्याही मराठी घरात बाळ जन्मले की पाचव्या रात्री सटवाईची पूजा मांडली जाते. पाटा-वरवंट्याशेजारी एक कोरा कागद आणि पेन ठेवले जाते. सटवाई मध्यरात्री येते, बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. त्या रात्री घरातील बायका जागरण करतात. चंदगड, आजरा, गडहिंग्लजमध्येही हीच रीत. गोव्यात राहणाऱ्या अनेक कुटुंबांची मुळे याच पट्ट्यात असल्याने ती येथील वाचकांनाही परकी नाही.

या जागरणामागे जुनी भीती होती. जन्मानंतर दोन दिवस चांगले दूध ओढणारे बाळ पाचव्या-सातव्या दिवशी अचानक दूध सोडी, जबडा आवळला जाई, अंग ताठ होई आणि बाळ दगावे. लोक त्याला सटवीचा फेरा म्हणत. तो होता नवजात बालकाचा धनुर्वात. विळ्याने किंवा न उकळलेल्या पात्याने नाळ कापणे आणि तिच्यावर शेण-राख लावणे, हे त्याचे कारण. गरोदरपणातील धनुर्वाताची लस आणि स्वच्छ पात्याने कापलेली नाळ, एवढ्या दोन उपायांनी हा फेरा चुकला. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

नशिबावर घातलेला हा आजार ओळखता येण्याजोगा आणि टाळता येण्याजोगा निघाला. बाळांच्या इतर अनेक आजारांचेही तसेच आहे. फरक एवढाच, की ते ओळखण्यासाठी मिळणारा वेळ कधी काही तासांचा असतो, कधी दोन आठवड्यांचा, तर कधी दोन महिन्यांचा. तो वेळ 'बघू अजून दोन दिवस' म्हणत निघून गेला, तर मोठे रुग्णालयही पुढे फार काही करू शकत नाही.

आईची नजर हेच पहिले उपकरण

नवजात बाळाला ताप येईलच असे नाही, ते खोकेलच असे नाही. गंभीर जंतुसंसर्गातही ते बरेचदा फक्त मलूल होते. हे खेड्यातील साध्या बाईला ओळखता येते, हे महाराष्ट्रातीलच एका कामाने जगाला दाखवून दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. आज देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्या पद्धतीचे मूळ या कामात आहे. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. दारात आलेल्या आशाताईला 'बाळ झोपलंय, नंतर या' म्हणून परत पाठवू नये, ते यासाठी.

गडचिरोलीतील आरोग्यदूत ज्या खुणा पाहत, त्या कोणत्याही आईला कळण्यासारख्या आहेत. आधी खणखणीत रडणाऱ्या बाळाचे रडणे मंद होणे किंवा थांबणे, दूध ओढणे कमी होणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या होणे किंवा पोट फुगणे, श्वास घेताना छाती खोल आत जाणे, अंग हाताला गार लागणे आणि बेंबीतून पू येणे. यांतील दोन खुणा एकदम दिसल्या, तर जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची शंका धरली जाई. घरी मात्र दुसऱ्या खुणेची वाट पाहण्याचे कारण नाही. एक दिसली तरी बाळ डॉक्टरांना दाखवावे.

दोन महिन्यांखालील बाळाचे काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर ते धोक्याचे लक्षण मानतात. ३५.५ अंशांखाली गेलेले तापमानही तितकेच धोक्याचे. मोठ्या मुलाचा ताप एक दिवस घरी पाहता येतो. एवढ्या लहान बाळाचा नाही. दवाखान्यात नेताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे आणि वाटेत ओढेल तेवढे दूध पाजत राहावे.

श्वास मोजा, घड्याळ लावा

सर्दी-खोकला प्रत्येक मुलाला होतो. त्यातून न्यूमोनिया कोणाला झाला, हे खोकल्याच्या आवाजावरून कळत नाही. ते श्वासाच्या गतीवरून कळते. बाळ शांत असताना अंगावरचा कपडा वर करावा आणि पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. त्या दिवशीच डॉक्टरांकडे जावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर तासही दवडू नये. नाकात-कानात तेल सोडणे, कोंडलेल्या खोलीत ओव्याची धुरी देणे, पोटावर बिब्ब्याचे किंवा तापलेल्या सळईचे डाग देणे, यांनी न्यूमोनिया बरा होत नाही. तेल आणि धूर फुप्फुसांना आणखी त्रास देतात, आणि डागण्याने एका आजाराचे दोन होतात.

जुलाब : मृत्यू पाण्याअभावी

पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांत पाणी गढूळ झाले की जुलाबाचे रुग्ण वाढतात. जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातील निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू चार टक्क्यांखाली आले. आजच्या ओआरएसच्या पाकिटामागे हा इतिहास आहे.

मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळावे. अर्धे पाकीट, अर्धा तांब्या असा अंदाज नको. केलेले द्रावण चोवीस तासांनी टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. सोबत डॉक्टर किंवा आशाताई देतील ती झिंकची गोळी, जुलाब थांबले तरी, पूर्ण चौदा दिवस द्यावी. अंगावरचे दूध तोडू नये. डोळे खोल जाणे, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसणे, लघवी अगदी कमी होणे, मूल गुंगीत जाणे किंवा शौचात रक्त दिसणे, ही घरगुती उपाय थांबवून निघण्याची वेळ.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात चढत्या तापात झटके येऊ शकतात. दृश्य भयंकर असते, पण बहुतेकदा ते काही मिनिटांत थांबतात. मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, वेळ पाहावी. चप्पल हुंगवणे, कांदा फोडून नाकाशी धरणे, दातांत चमचा घालणे यांचा उपयोग नाही. शेवटच्या प्रकाराने इजाच होते. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

पिवळेपणा : कधी निर्धास्त, कधी नाही

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुसंख्य बाळे थोडी पिवळी दिसतात आणि आठवडाभरात निवळतात. पण पहिल्या चोवीस तासांत आलेला पिवळेपणा, तळहात-तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा आणि दोन आठवड्यांनंतरही टिकलेला पिवळेपणा, हे तिन्ही तपासलेच पाहिजेत. प्रमाणाबाहेर वाढलेली कावीळ मेंदूत उतरली की कायमचे बहिरेपण आणि अपंगत्व येते. कोवळे ऊन हा रुग्णालयातील निळ्या प्रकाशाच्या उपचाराला पर्याय नाही.

येथे शौचाचा रंगही पाहावा. कावीळ टिकली आहे आणि शौच पांढरट, मातीसारखी होते आहे, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. त्यावरील शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर यशाची शक्यता अधिक. 'अंगावरच्या दुधाची कावीळ आहे, जाईल' असे समजून तिसरा महिना उजाडू देणे बाळाच्या यकृताला महागात पडते.

काविळीचे आणखी एक कारण थेट आपल्या ट्रंकेत असते. बारशासाठी जुनी कुंची, दुपटी, गोधड्या बाहेर काढल्या जातात. त्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. ज्या बाळांत जी-६-पीडी नावाच्या विकराची आनुवंशिक कमतरता असते, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वासानेही फुटू शकतात आणि एका दिवसात कावीळ चढते. हा दोष मुलग्यांत अधिक दिसतो. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवूच नयेत, एवढ्या सोप्या उपायाने हे संकट टळते.

जे रक्तातून येते

बेळगाव परिसर ज्या सांस्कृतिक सीमेवर आहे, तिचे वर्णन इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांच्या अभ्यासात केले आहे. उत्तरेत रक्ताच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. मराठी समाजात अनेक ठिकाणी मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला गेला. कर्नाटकात त्यापलीकडे सख्ख्या मामा-भाचीची लग्नेही होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातील सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांचे लग्न नात्यात झाल्याचे दिसले. सीमाभागात दोन्ही रीती एकत्र नांदतात.

याचा आजारांशी संबंध असा. प्रत्येकाकडे काही सदोष जनुके असतात. त्यांची जोडीदार प्रत चांगली असल्याने आपल्याला त्रास होत नाही. पण आई-वडील दोघांकडे एकच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. आते-मामेभावंडांच्या जनुकांचा साधारण आठवा भाग समान असतो, मामा-भाचीच्या जनुकांचा चौथा. म्हणून नात्यातील लग्नात अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. सर्वसाधारणपणे शंभरात दोन-तीन बाळे गंभीर जन्मजात दोष घेऊन येतात. सख्ख्या आते-मामेभावंडांच्या लग्नात हे प्रमाण अंदाजे दुप्पट होते. याचाच अर्थ, अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी असतात. भीती पसरवण्याचे कारण नाही, पण डॉक्टरांनी विचारल्यावर नाते लपवण्याचेही कारण नाही.

काही खुणा अशा आहेत, की त्या दिसताच आनुवंशिक आजाराचा विचार करावा.

सहा महिन्यांनंतर बाळ फिकट पडत जाते, पोट वाढते, लोहाचे औषध देऊनही रक्त भरत नाही, तेव्हा ते थॅलेसेमिया असू शकते. आई-वडील दोघे वाहक असल्याचे एका साध्या रक्ततपासणीने लग्नाआधीच कळू शकते, आणि गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात गर्भाचीही तपासणी करता येते. सिकलसेलमध्ये साधारण याच वयात हातापायांची बोटे सुजून बाळ कळवळते. त्यासाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

कान टोचल्यावर रक्त थांबत नाही, रांगू लागल्यावर गुडघे सुजतात, अंगावर निळे डाग उठतात, आणि ते मूल मुलगा असेल, तर हिमोफिलियाची शंका घ्यावी. अशा वेळी डॉक्टर विचारतात, 'याच्या मामाला असे काही होत असे का?' प्रश्न विचित्र वाटतो, पण नेमका असतो. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. मात्र सुमारे एक-तृतीयांश कुटुंबांत तो आधी कोणालाच नसतो.

दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम येतो, ते दर मिनिटाला थांबून धापा टाकते, वजन वाढत नाही, रडताना निळे पडते, तेव्हा हृदयाची तपासणी करावी.

जन्मतः ठणठणीत असलेले बाळ दोन-तीन दिवसांनी दूध सोडते, उलट्या करते, गुंगीत जाते, लघवीला चमत्कारिक वास येतो, आणि घरात याआधीही एक बाळ असेच गेलेले असते, तेव्हा चयापचयाचा आजार मनात आणावा. हे शेवटचे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. 'ते आता कशाला' म्हणून गाडून टाकलेली आठवण दुसऱ्या बाळाचा जीव वाचवू शकते.

जे बाळ रडत नाही

सर्वांत फसवा आजार सर्वांत शांत असतो. 'बाळ किती शहाणं, रडतच नाही, झोपूनच असतं,' असे कौतुक ज्याचे होते, त्याला कधी कधी जन्मजात थायरॉइडची कमतरता असते. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, मोठी जीभ, फुगलेली बेंबी ही त्याची लक्षणे, पण पहिल्या आठवड्यांत ती इतकी पुसट असतात, की अनुभवी डॉक्टरांनाही चकवतात. भारतात साधारण हजार ते दीड हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. पहिल्या दोन आठवड्यांत स्वस्तातली एक छोटी गोळी कुस्करून आईच्या दुधातून सुरू केली, तर बाळ इतरांसारखेच वाढते. उशीर झाला, तर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही.

म्हणून यात लक्षणांची वाट न पाहता टाचेतील रक्ताचा थेंब तपासतात. याची सुरुवातही एका आईच्या हट्टापासून झाली. नॉर्वेतील एका मातेची दोन मुले मतिमंद होती आणि त्यांच्या अंगाला वेगळाच वास येई. तिने अनेक दारे ठोठावली. १९३४ मध्ये डॉ. फॉलिंग यांनी त्या मुलांच्या लघवीतून फिनाइलकीटोन्यूरिया हा आनुवंशिक आजार शोधला. १९६०च्या दशकात अमेरिकेतील डॉ. गथ्री यांनी टिपकागदावर वाळवलेल्या रक्तावरून तो नवजात बाळांत हुडकण्याची पद्धत आणली. आपल्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी व्यापक तपासणी सुरू केली. असे पाऊल उचलणाऱ्या देशातील पहिल्या राज्यांत त्याची गणना होते. सर्वत्र ही तपासणी आपोआप होत नाही. म्हणून घरी जाण्यापूर्वी पालकांनी दोन प्रश्न विचारावेत : थायरॉइडसाठी टाचेचे रक्त घेतले का? आणि कानांची तपासणी झाली का? बहिरेपण पहिल्या महिन्यात हुडकून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले, तर मूल बोलू शकते. ताट वाजवून केलेली घरगुती परीक्षा येथे भरवशाची नाही.

सीमेवरचे बाळ

सीमाभागातील आईपुढे आणखी एक अडचण असते. ती वैद्यकीय नाही, पण वैद्यकीय परिणाम करणारी आहे. पहिले बाळंतपण माहेरी. सासर निपाणीत, माहेर कागल किंवा गडहिंग्लजला. बाळाचा जन्म आणि पहिल्या लसी महाराष्ट्रात, तिसऱ्या महिन्यापासूनचे सारे कर्नाटकात. आशाताईची नोंद एका राज्यात, बाळ दुसऱ्या राज्यात. कर्नाटकातील 'ताई कार्ड' कन्नडमध्ये भरलेले, आणि घरातील आई-आजी मराठी वाचणाऱ्या. त्यावरची धोक्याची लक्षणे ज्यांनी वाचायची, त्यांनाच ती वाचता येत नाहीत. भाषेचा प्रश्न सभा-मोर्चांत गाजतो, पण तो रात्री दोन वाजता तापलेल्या बाळाच्या उशाशीही असतो.

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशे. कोठे जायचे हे बरेचदा योजनेवरून ठरते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यास कर्नाटकातून विरोधही झाला. पालकांनी दोन्ही राज्यांतील योजनांची कागदपत्रे बाळ धडधाकट असतानाच चौकशी करून तयार ठेवावीत. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम मात्र सीमा मानत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारे पथक जन्मदोष, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब तपासते, आणि पुढील उपचारांसाठी जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवते. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांकही कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांत एकच आहे.

निपाणीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात येथील स्त्रियांच्या पिढ्या गेल्या. मिश्री लावण्याची सवयही जुनी. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी शंभर ग्रॅमहून थोड्या अधिक फरकाने हलकी आढळली, आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही अधिक. वर सांगितलेले अनेक आजार हलक्या बाळात अधिक जोर करतात.

दोष कोणाचा?

आनुवंशिक आजाराचे निदान झाले, की अनेक घरांत पहिले बोट सुनेकडे वळते. विज्ञान याला आधार देत नाही. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि चयापचयाचे बहुतेक आजार आई-वडील दोघांकडून सारखेच येतात. हिमोफिलिया आईकडून आला, तरी जनुक निवडून कोणी आई होत नाही. अशा घराला गरज असते ती दोषारोपाची नव्हे, तर पुढील गरोदरपणापूर्वी आनुवंशिकी तज्ज्ञाच्या सल्ल्याची. त्यासाठी आजारी मुलाचे नेमके निदान कागदावर लिहून घेणे फार महत्त्वाचे. मूल हाती लागले नाही, तरी त्याच्या तपासण्यांचे कागद फाडू नयेत.

पाचवीला कोरा कागद जरूर ठेवावा, पण दुसऱ्या दिवशी तो उचलून त्यावर आपणच लिहावे : जन्माची तारीख आणि वजन, रक्तगट, रडणे केव्हा ऐकू आले, पहिली शौच आणि लघवी केव्हा झाली, कोणती लस दिली, टाचेचे रक्त घेतले की नाही, आई-वडिलांचे आधीचे नाते काय, घरात कोणते बाळ कधी आणि कसे गेले. मराठीतच लिहावे. सोबत दोन्ही राज्यांतील कार्डांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टरसमोर उभे राहावे लागले, तर हाच कागद बाळाच्या वतीने बोलेल.